प्राचल आकलनासाठी प्रयोग अभिकल्प (गतिक प्रणालींचा)

काळानुसार बदलणाऱ्या प्रणालीच्या गणिती प्रतिमानातील अज्ञात प्राचले (प्रतिमानाचे स्थिरांक, उदा. घटण्याचा दर) कमीत कमी चुकीने काढता यावीत, म्हणून प्रयोगाची आगाऊ आखणी करण्याची पद्धत. आदान (प्रणालीला बाहेरून दिला जाणारा संकेत) कोणते द्यायचे, आरंभस्थिती कोणती घ्यायची आणि मापने केव्हा करायची, हे तीत ठरवले जाते. रासायनिक विक्रिया, किण्वन, औषधांचा शरीरातील प्रवास, विमानांच्या उड्डाण चाचण्या इ. क्षेत्रांत ती वापरतात.

तिचा उगम कोठे मानावा याबाबत एकमत नाही. डॅनिश संख्याशास्त्रज्ञ कर्स्टीन स्मिथ यांनी १९१८ मध्ये बहुपदी वक्रांसाठी इष्टतम मापनस्थाने, म्हणजे वक्रावरील अंदाजाचे महत्तम प्रचरण (विखुरण) लघुतम करणारी स्थाने काढली, म्हणून काही अभ्यासक तेथून आरंभ धरतात. एब्राहम वॉल्ड यांनी १९४३ मध्ये निर्धारकाचा निकष (माहिती आव्यूहाचा निर्धारक महत्तम करणे) वापरला. हे दोन निकष वरवर वेगळे दिसतात. पण १९६० मध्ये कीफर व वुल्फोविट्झ यांनी विशिष्ट अर्थाने त्यांची समतुल्यता सिद्ध केली. ही सर्व प्रतिमाने मात्र प्राचलांच्या दृष्टीने रेषीय (प्राचलांच्या प्रमाणात उत्तर बदलणारी) होती. गतिक प्रणालींपुरता विचार केल्यास बॉक्स व ल्यूकस यांचा १९५९ चा अरेषीय प्रतिमानांवरील निबंध हा आरंभ मानणे अधिक सयुक्तिक वाटते. आदान संकेतांच्या अभिकल्पावरील काम मुख्यतः १९६० नंतरचे आहे.

खरी अडचण अरेषीयतेतच आहे. एखादे द्रव्य e⁻ᵏᵗ या नियमाने (t म्हणजे काळ, k म्हणजे घटण्याचा दर) घटत असेल आणि मापनातील चूक सर्वकाळ सारखी असेल, तर फार लवकर घेतलेल्या मापनात k चा परिणाम अजून उमटलेला नसतो, फार उशिरा मोजावे तर द्रव्यच उरत नाही. सर्वाधिक माहिती t = १/k या क्षणी, म्हणजे सुमारे ३७% द्रव्य शिल्लक असताना मिळते. पण k हीच तर शोधायची राशी! त्यामुळे प्राथमिक अंदाज घेऊन प्रयोग करणे, आलेल्या उत्तरावरून पुढचा आखणे, असा टप्प्याटप्प्याचा मार्ग धरतात. k च्या संभाव्य किंमतींवर सरासरी घेण्याची बेझीय रीतही आहे.

अनेक प्राचले असल्यास फिशर माहिती आव्यूहाचा (मापनांतून प्राचलांविषयी किती माहिती मिळते हे दाखवणाऱ्या कोष्टकाचा) निर्धारक महत्तम करतात; त्यामुळे विश्वास विवृत्तजाचे (प्राचलांच्या संभाव्य किंमती ज्यात असतात त्या अंडाकृती प्रदेशाचे) घनफळ लहान होते. सतत एकच आदान दिल्यास प्रणाली स्थिरावते व तिच्या गतिकीविषयी फारसे कळत नाही, म्हणून पुरेसे बदलते आदान लागते. मात्र दोन प्राचले प्रतिमानात केवळ गुणाकाररूपानेच येत असतील, तर कोणत्याही अभिकल्पाने ती वेगळी काढता येत नाहीत. ही अभिज्ञेयतेची (प्राचले मुळात वेगवेगळी ठरवता येतात का याची) तपासणी आखणीपूर्वीच करावी लागते.