'तेनेर' कसं वापरायचं: आमच्या स्पॅनिश वर्गाच्या विद्यार्थ्यांसाठी

नमस्कार. 'आब्लार' (बोलणे) आणि 'कोमेर' (खाणे) ही सरळ चालीची क्रियापदं तुमची झाली. आता 'तेनेर'. हे पत्रक जपून ठेवा, भिंतीला चिकटवलं तरी चालेल.

'तेनेर' म्हणजे जवळ असणे. मराठीत यासाठी एक क्रियापद नाही. माझ्याजवळ शंभर रुपये आहेत, आमच्याकडे दोन म्हशी आहेत, मला एक बहीण आहे, त्यांना चार एकर वावर आहे. या चारही ठिकाणी स्पॅनिश माणूस 'तेनेर'च वापरतो. खरी अडचण पुढे आहे. आपलं क्रियापद वस्तूकडे बघतं: एक म्हैस 'आहे', दोन म्हशी 'आहेत'. स्पॅनिश क्रियापद मालकाकडे बघतं. म्हशी कितीही असोत, मालक 'मी' असेल तर 'तेंगो'च.

मी तेंगो, तू त्येनेस, तो किंवा ती त्येने, आम्ही तेनेमोस, ते त्येनेन. एकाच माणसाला आदराने 'तुम्ही' म्हणायचं तर शब्द 'उस्तेद', आणि त्याच्यासोबत 'तो'चंच रूप येतं: उस्तेद त्येने. स्पेनमध्ये मित्रांच्या घोळक्याशी बोलताना 'तेनेइस' म्हणतात. लॅटिन अमेरिकेत ते रूप चालत नाही, तिथे 'त्येनेन' म्हणा.

रूपं अशी का बदलतात? जोर पहिल्या अक्षरावर आला की 'ते'चा 'त्ये' होतो. 'तेनेमोस'मध्ये जोर पुढे सरकतो, म्हणून तिथे 'ते' तसाच राहतो. 'तेंगो' मात्र पाठच करावं लागतं. यात घाबरण्यासारखं काही नाही. आपणही 'जातो' म्हणतो आणि 'गेलो' म्हणतो, 'जालो' म्हणत नाही. उच्चारात तर आपण पुढेच आहोत. स्पॅनिश 'त' आपल्या 'त'सारखा दाताला लागतो. इंग्रजीच्या सवयीने 'टेंगो' म्हणू नका.

सुरुवातीला आम्हीही फक्त तक्ता पाठ करून घ्यायचो. मुलं तो घडाघडा म्हणायची, पण 'वय किती?' विचारलं की 'सोय बेइन्ते' (म्हणजे 'मी वीस आहे') म्हणायची. इंग्रजीतून आलेली ही चूक आजही सगळ्यात जास्त होते. स्पॅनिशमध्ये माणूस वीस वर्षांचा 'असत' नाही, त्याच्याजवळ वीस वर्षं असतात: तेंगो बेइन्ते आन्योस. भूकही तशीच. आपल्याकडे 'मले भूक लागली' म्हणतात, म्हणजे भूक येऊन आपल्याला लागते. तिथे ती जवळ असते: तेंगो आम्ब्रे. तहान 'सेद', झोप 'स्वेन्यो', भीती 'म्येदो', घाई 'प्रिसा', सगळ्यांना 'तेंगो' लावा. मे महिन्यात अंगाची लाही होते तेव्हा 'तेंगो कालोर'. बाहेर ऊन तापलंय असं सांगायचं असेल तर 'आसे कालोर', तिथे 'तेनेर' नाही. 'तुझं बरोबर आहे' याला 'त्येनेस रासोन'.

म्हणून आमचा आग्रह एकच: वाक्य इंग्रजीतून नेऊ नका, आपल्या बोलीतून न्या. 'मला', 'माझ्याजवळ', 'आमच्याकडे' आलं की आधी 'तेनेर' आठवा. 'मला जावं लागते' हेसुद्धा त्यातूनच होतं: तेंगो के इर. अपवाद 'मला आवडते'चा. तिथे 'मे गुस्ता', आणि त्याची रचना आपल्यासारखीच आहे.

भूतकाळात 'तुबे' (मी), 'तुबो' (तो), भविष्यात 'तेन्द्रे' (मी). हे पुढच्या महिन्यात सविस्तर घेऊ. 'बेनीर' (येणे) वर्तमानात याच वाटेने जातं: बेंगो, ब्येनेस, ब्येने.

वरुड-मोर्शीकडच्या मुलांसाठी एक गोष्ट. संत्र्याला स्पॅनिशमध्ये 'नारांखा' म्हणतात. संस्कृत 'नारंग' फारसी-अरबीच्या वाटेने तिकडे पोचला, आणि आपला 'नारिंगी' त्याच घरातला. बागवाल्याच्या घरी पहिलं वाक्य हेच होऊ द्या: तेनेमोस नारांखास, आमच्याकडे संत्री आहेत.

रविवारी येताना घरातल्या प्रत्येकाचं वय आणि घरी काय काय आहे ते 'तेनेर' वापरून लिहून आणा. वही आम्ही तिथेच तपासून देऊ. उच्चाराच्या ध्वनिफिती व्हॉट्सॲप गटात टाकल्या आहेत, त्याचे वेगळे पैसे नाहीत.