गोव्यातील गरिबीचे मोजमाप आणि स्वतंत्र संशोधन : पार्श्वभूमी

दारिद्र्य आणि सामाजिक धोरण यांवर सरकारबाहेर राहून काम करणारी संशोधन संस्था गोव्याला कशासाठी हवी, असा प्रश्न नेहमी विचारला जातो. २०११-१२च्या सरकारी अंदाजाप्रमाणे येथे दारिद्र्यरेषेखाली केवळ ५.०९ टक्के लोक होते आणि देशातील राज्यांत हे प्रमाण सर्वांत कमी होते. परंतु हा आकडा ज्या वाटेने आला, ती वाट सरळ नाही.

दारिद्र्यरेषेच्या चर्चेला देशात बळ दिले ते पुण्यातील एका स्वतंत्र संस्थेतल्या दोन अर्थतज्ज्ञांनी. १९७१ साली प्रसिद्ध झालेल्या त्यांच्या अभ्यासात माणशी रोज २,२५० उष्मांकांचा निकष होता. गोवा तेव्हा मुक्त होऊन दहाच वर्षे झाली होती. गोव्याचे स्वतःचे विद्यापीठ तर १९८५ मध्ये आले.

खरा गुंता पुढचा आहे. दारिद्र्यरेषा म्हणजे खर्चाची ती मर्यादा, जिच्याखाली खर्च करणारा माणूस गरीब धरला जातो. घटकराज्य झाल्यावरही केंद्राच्या दारिद्र्य-अंदाजांत गोव्याला स्वतःची रेषा नव्हती. खर्चाची आकडेवारी गोव्याची आणि रेषा मात्र महाराष्ट्राची, अशी ही पद्धत होती. २००४-०५साठी ग्रामीण भागात ही उसनी रेषा माणशी महिना ३६२ रुपये होती, म्हणजे दिवसाला बारा रुपये. जेथे बाजारातल्या मासळीच्या भावावर घराचा हिशेब ठरतो, तेथे बारा रुपयांत दिवस कसा काढायचा, हे रेषा आखणाऱ्यांना कोणी विचारले नसावे. या रेषेने ग्रामीण गोव्यात ५.४ टक्के गरीब दाखवले. २००९ मध्ये नव्या तज्ज्ञगटाने त्याच वर्षासाठी गोव्याची ग्रामीण रेषा ६०९ रुपयांवर नेली आणि प्रमाण २८.१ टक्के झाले. शहरी रेषा जवळजवळ जागेवरच राहिल्याने तेथील आकडा २१.३ वरून २२.२ एवढाच सरकला. माणसे तीच, वर्षही तेच. बदलली ती रेषा. ‘ग्रामीण गोवा सुखी’ हे समीकरण त्या दिवशी मोडायला हवे होते. तसे झाले नाही, कारण पुढच्या कमी आकड्याने तो विषय मागे पडला.

त्या ५.०९ टक्क्यांमागचे सर्वेक्षण जून २०१२ मध्ये संपले आणि सप्टेंबरमध्ये गोव्यातील लोहखनिजाच्या खाणी बंद पडल्या. त्याच वर्षी महागाईचा भार हलका करण्यासाठी गृहिणींना दरमहा रक्कम देणारी गृह आधार योजना आली. मार्च २०१८ मध्ये खाणी दुसऱ्यांदा थांबल्या, तेव्हा खर्चाचे पुढचे सर्वेक्षण चालू होते. पण त्याचे निष्कर्ष प्रसिद्ध न करण्याचा निर्णय केंद्राने नोव्हेंबर २०१९ मध्ये घेतला. त्यानंतरचे सर्वेक्षण २०२२-२३चे. मधल्या अकरा वर्षांत डिचोली, सत्तरी, सांगे, धारबांदोडा या तालुक्यांतील खाण अवलंबित कुटुंबांनी दोन वेळा रोजगार गमावला, हप्त्यावर घेतलेले ट्रक दारात उभे राहिले, आणि त्या घरांचा खर्च किती घटला हे सांगणारा एकही अधिकृत आकडा त्या काळात प्रसिद्ध झाला नाही.