तोंडाचं आरोग्य आणि शरीरातले आजार

हिरड्यांची सूज, पायरिया, किडलेले दात यांचा शुगर, हृदयविकार, गरोदरपण यांच्याशी काय संबंध आहे ते तपासणारं हे संशोधन. बर्लिनमध्ये काम करणाऱ्या विलोबी मिलर या अमेरिकन दंतवैद्याने १८९१ मध्ये लिहिलं की तोंडातल्या जंतूंमुळे शरीरात दुसरीकडेही आजार होतात, पुढे लंडनच्या विल्यम हंटर यांनी तेच जोरात मांडलं, आणि मग कित्येक वर्षं सांधे दुखले तरी लोकांचे चांगले दात उपटले गेले, तेही धड पुरावा नसताना. १९८९ मध्ये फिनलंडमधल्या अभ्यासात हार्ट अटॅक आलेल्यांचे दात इतरांपेक्षा खराब आढळले आणि मागे पडलेला विषय परत सुरू झाला.

सगळ्यात पक्का संबंध शुगरचा आणि तो दोन्हीकडून आहे. शुगर वाढलेली राहिली की हिरड्या लवकर खराब होतात, दात हलायला लागतात, आणि हिरड्या सुजलेल्या राहिल्या की शुगर आटोक्यात येत नाही. पायरियाचा नीट इलाज केला तर एचबीएवनसी, म्हणजे गेल्या दोन-तीन महिन्यांतली सरासरी शुगर दाखवणारा टक्क्यांतला आकडा, तीन-चार महिन्यांत साधारण ०.४ ने उतरतो, हे काही कमी नाही. हृदयाचं एवढं पक्कं नाही, संबंध दिसतो पण पायरियामुळेच अटॅक येतो हे सिद्ध झालेलं नाही असं अमेरिकन हार्ट असोसिएशनने २०१२ मध्ये स्पष्ट सांगितलं.

नागपुरात हा विषय खर्र्याशिवाय कळणारच नाही. पानठेल्यावर सुपारी, तंबाखू, चुना पन्नीत टाकून घोटतात आणि माणसं तो तासन्‌तास गालात धरून ठेवतात. सुपारीने गालाची आतली कातडी कडक होत जाते, याला सबम्युकस फायब्रोसिस म्हणतात. डॉक्टर तीन बोटं उभी तोंडात घालून बघायला सांगतात तर दोनही जात नाहीत, मागच्या दाढेपर्यंत ब्रश पोचत नाही, आणि यातूनच पुढे कॅन्सर होऊ शकतो. संशोधकांची खरी अडचण पण इथेच आहे, कारण तंबाखू हिरड्याही खराब करतो आणि हृदयही, मग दोष कुणाचा हे वेगळं काढणं फार कठीण जातं.

आपल्याकडे दात साफ केले की ढिले होतात असं सर्रास म्हणतात. खरं म्हणजे दात आधीच हललेला असतो, साचलेल्या किटणाने तो धरून ठेवलेला असतो, ते निघालं की हलणं जाणवतं एवढंच. या भीतीपायी शुगरचे कितीतरी पेशंट मेडिकल कॉलेजच्या आवारातल्या सरकारी डेंटल कॉलेजला दात काढायची वेळ आल्यावरच जातात.