पेपर तोच, मग गुणही तेच?

वडोदऱ्याच्या दांडिया बाजारातल्या आपल्या मराठी घरांत अजूनही ऐकू येतं, ‘पेपर तोच, नुसती भाषा वेगळी, पासाची रेषाही एकच हवी.’ हा गैरसमज आहे. २०१८च्या ‘नीट’ या वैद्यकीय प्रवेश परीक्षेत तमिळ पेपरातल्या ४९ प्रश्नांच्या भाषांतराचा वाद सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेला. आणि भाषांतर बिनचूक असलं तरी फरक पडतोच! ‘प्रकाशसंश्लेषण’ हा शब्दच अर्धं उत्तर सांगून जातो; ‘फोटोसिंथेसिस’ आपल्या मुलांना काहीच सांगत नाही. म्हणून पासाची रेषा ठरवायच्या अँगॉफ पद्धतीत तज्ज्ञ प्रत्येक प्रश्नाबद्दल स्वतःला विचारतात: जेमतेम पास होणाऱ्या शंभर मुलांपैकी कितींना हा जमेल? त्या अंदाजांवरून रेषा ठरते. हे प्रत्येक भाषेत, दोन्ही भाषा जाणणाऱ्यांनी करायला हवं. समजा, गुजरातीत रेषा ५८ आली आणि मराठीत ६१, तर तो पक्षपात नव्हे; मराठी पेपर जरा सोपा ठरला, इतकंच.