भ्रूण प्रत्यारोपणाचे तंत्र

प्रयोगशाळेत फलन होऊन वाढवलेले भ्रूण बारीक, लवचिक नळीतून गर्भाशयात सोडणे म्हणजे भ्रूण प्रत्यारोपण. आयव्हीएफ, म्हणजे शरीराबाहेर फलन घडवण्याच्या उपचारातली ही अखेरची क्रिया. दवाखान्यात तिला नुसते ‘ट्रान्सफर’ म्हणतात. मराठीत रुळलेला ‘प्रत्यारोपण’ हा शब्द मात्र थोडा फसवा आहे. मूत्रपिंड जोडतात तसे इथे काही जोडत नाहीत, रोप खोचतात तसे खोचतही नाहीत. भ्रूण आत सोडायचे एवढेच. पुढच्या काही दिवसांत ते रुजते ते आपले आपण.

यश कशावर ठरते, या प्रश्नात पहिला मान भ्रूणाच्या प्रतीचा. त्यामागे स्त्रीबीजाचे वय असते आणि गर्भाशयाच्या अस्तराची तयारीही लागते. ट्रान्सफर कितीही सफाईने केला तरी मुळात गुणसूत्रे बिघडलेले भ्रूण सुधारत नाही. पण उत्तम भ्रूण या शेवटच्या पाच मिनिटांत वाया जाऊ शकते. एकाच प्रयोगशाळेतली भ्रूणे वापरूनही वेगवेगळ्या डॉक्टरांच्या हातून येणारे गर्भधारणेचे प्रमाण वेगळे असल्याचे काही अभ्यासांत दिसले, तेव्हा या पायरीकडे गांभीर्याने पाहिले जाऊ लागले.

1978 साली जगातली पहिली टेस्ट ट्यूब बेबी लुईस ब्राऊन हिचा जन्म झाला तो आठ पेशींच्या भ्रूणाच्या ट्रान्सफरमधून. त्यानंतर कितीतरी वर्षे हे काम अंदाजाने चाले: नळी आत सरकवायची, गर्भाशयाच्या माथ्याला टेकल्याचे हाताला जाणवले की थोडी मागे घ्यायची आणि नळीला जोडलेल्या पिचकारीचा दट्ट्या दाबायचा. यातले ते टेकणेच घातक. गर्भाशय हा स्नायू आहे. डिवचला की आकुंचन पावतो. सोनोग्राफीत दिसणारा द्रव सोडून केलेल्या नकली ट्रान्सफरमध्ये, नळी माथ्याला लागल्यावर उठलेल्या आकुंचनांनी तो द्रव जागचा हलून गर्भाशयमुखाकडे किंवा थेट गर्भनलिकेकडे ढकलला गेल्याचे 1998 मध्ये दाखवले गेले. ट्रान्सफरच्या वेळी आकुंचने जास्त असलेल्या स्त्रियांमध्ये गर्भधारणा कमी होते, हेही त्याच सुमारास नोंदले गेले. तंत्रातल्या बहुतेक सुधारणांमागे एकच हेतू आहे: आपल्याकडे कोणी येऊन गेले हे गर्भाशयाला कळू नये.

प्रत्यक्षात हे असे घडते. मूत्राशय भरलेले ठेवायला सांगतात. त्यामुळे पोटावरून सोनोग्राफी स्पष्ट दिसते आणि पुढे झुकलेले गर्भाशय थोडे सरळ होते. गर्भाशयमुखावरचा चिकट स्राव हलक्या हाताने टिपून घेतात. तो राहिला तर नळीचे तोंड बुजते किंवा भ्रूण त्याला चिकटून नळीबरोबर परत येते. शेजारच्या प्रयोगशाळेत एम्ब्रिऑलॉजिस्ट, म्हणजे भ्रूणतज्ज्ञ, भ्रूण नळीत भरतो. पाच दिवसांचे भ्रूण, म्हणजे ब्लास्टोसिस्ट, मिलिमीटरच्या एक ते दोन दशांश एवढे. त्याभोवतीचे द्रव साधारण 20 ते 30 मायक्रोलिटर, म्हणजे एक थेंबसुद्धा नाही. बाहेरच्या हवेत तापमान आणि द्रवाची आम्लता बदलते, म्हणून यापुढे रेंगाळायचे नाही; भरल्यापासून सोडेपर्यंत दोन मिनिटांपेक्षा जास्त वेळ जाऊ नये असा संकेत आहे. नळीचे टोक माथ्यापासून एक सेंटिमीटरहून थोडे अधिक दूर, पोकळीच्या वरच्या किंवा मधल्या भागात थांबवून दट्ट्या सावकाश दाबतात. पडद्यावर पांढरा ठिपका चमकतो. अनेक जोडपी त्याचा फोटो जपून ठेवतात. खरे तर तो भ्रूणाबरोबरच्या हवेच्या बुडबुड्याचा असतो, भ्रूण सोनोग्राफीत दिसण्याइतके मोठे नसते. रिकामी नळी सूक्ष्मदर्शकाखाली परत तपासतात. भ्रूण आतच अडकलेले आढळले तर लगेच पुन्हा सोडतात, आणि त्याने यशाचे प्रमाण फारसे घटत नाही.

कठीण ट्रान्सफर म्हणजे नळी सहज न जाणे, चिमट्याने गर्भाशयमुख पकडावे लागणे, नळीला रक्त लागणे. अशा वेळी गर्भधारणेची शक्यता कमी होते. म्हणून आधीच एखाद्या दिवशी रिकाम्या नळीने रंगीत तालीम करून वाट कशी वळते ते पाहून ठेवतात. मऊ नळ्या कडक नळ्यांपेक्षा सरस ठरल्या आहेत, जरी नवशिक्या हाताला कडक नळी सोपी वाटते.

अमेरिकन सोसायटी फॉर रिप्रॉडक्टिव्ह मेडिसिनने 2017 मध्ये पुराव्यांची छाननी केली. सोनोग्राफीचे मार्गदर्शन, मऊ नळी, स्राव पुसणे आणि टोकाची जागा या गोष्टी कसाला उतरल्या. अॅक्युपंक्चर, सरसकट भूल आणि प्रतिजैविके यांचा फायदा आढळला नाही.

झोपून राहण्याचेही तसेच. ‘उभी राहिले तर पडेल का?’ हा ट्रान्सफरनंतरचा हमखास प्रश्न. गर्भाशयाची पोकळी चित्रात दिसते तशी रिकामी खोली नसते. तिच्या भिंती एकमेकींना टेकलेल्या असतात आणि भ्रूण त्यांच्यामध्ये, द्रवाच्या पातळ थरात असते. तेव्हा तासभर लघवी दाबून बसलेल्या बाईने लगेच उठून बाथरूमला जायला काहीच हरकत नाही.