सहाशे वर्षांचं सुतक

सर्बांचा राज्यकर्ता लाझार १३८९ साली कोसोव्होच्या लढाईत ऑटोमन तुर्कांविरुद्ध लढताना गेला. १९८८-८९ मध्ये त्याच्या अस्थी पेटीत ठेवून गावोगावी, मठामठांतून फिरवल्या गेल्या. काळे कपडे घातलेली माणसं त्या पेटीपुढे ओक्साबोक्शी रडली.

मनोविश्लेषक वामिक व्होल्कान अशा दुःखाला 'निवडलेला आघात' म्हणतात. एखाद्या पिढीला पराभवाचा शोक पेलत नाही, मग ती तो नकळत मुलांच्या पदरात टाकते. घरातलं सुतक तेरा दिवसांत फिटतं, हे फिटतच नाही. पुढे तीच त्या समाजाची ओळख होऊन बसते. नेत्याने खपली काढली की जुना शत्रू आणि आजचा शेजारी लोकांना एकच दिसू लागतात.

२८ जून १९८९ रोजी, लढाईला ६०० वर्षं झाली त्या दिवशी, सर्बियाचे नेते स्लोबोदान मिलोशेविच यांनी त्याच रणभूमीवर अफाट जमावापुढे भाषण केलं. जुलै १९९५ मध्ये, बोस्नियातल्या युद्धात, स्रेब्रेनित्सा गावात शिरलेला बोस्नियन सर्ब सेनापती रात्को म्लादिच कॅमेऱ्यासमोर म्हणाला, तुर्कांवर सूड उगवायची वेळ आली आहे. तिथे राहत होते बोस्नियाचे मुसलमान. पुढच्या काही दिवसांत त्यांच्यातले ८,००० हून अधिक पुरुष आणि मुलगे मारले गेले. अस्थींच्या त्या यात्रेचं वर्णन मला म्हणूनच वाचवत नाही.

अर्थात, मोडकळीला आलेली अर्थव्यवस्था आणि सत्तेची हाव नसती तर नुसत्या अस्थींनी युद्ध पेटलं नसतं.

व्होल्कान स्वतः सायप्रसचे तुर्क. १९६३ मध्ये त्या बेटावर ग्रीक आणि तुर्क रहिवाशांत झालेल्या हिंसाचारानंतर तिथले तुर्क लहान लहान वस्त्यांत कोंडले गेले. १९६८ मध्ये ते अमेरिकेहून घरी आले, तर घरांत, दुकानांत पिंजरेच पिंजरे. त्यांत छोटे रंगीत पोपट, आपल्याकडे 'लव्हबर्ड' म्हणून विकतात तसे. हे पक्षी मुळात त्या बेटावरचे नव्हेत. कोंडलेली माणसं कोंडलेल्या पक्ष्यांना जिवापाड जपत होती. पक्षी गाताहेत, पिल्लं होताहेत, तोवर आपणही तगू, असं त्यांच्या मनाने धरलं होतं, हा व्होल्कान यांनी लावलेला अर्थ. वस्त्यांबाहेर पडायची मोकळीक मिळाल्यावर हा छंद ओसरला.

१९७७ मध्ये इजिप्तचे अध्यक्ष अन्वर सादात इस्रायलच्या संसदेत म्हणाले की, आपल्यातला ७० टक्के प्रश्न मानसिक भिंतीचा आहे. ते मनावर घेऊन अमेरिकी मनोविकारतज्ज्ञांनी दोन्हीकडच्या लोकांना काही वर्षं समोरासमोर बसवलं. व्होल्कानही त्यात होते. अशा बैठकींत सुरुवातीचा वेळ आम्ही किती सोसलं, हे एकमेकांना ऐकवण्यातच जायचा.