हानलेला एकटे जा, पण मोबाईल खिशात ठेवा

हल्ली लडाखमधल्या हानलेचे रील्स बघून बघून कंटाळा आलाय. वाळूत एक तंबू, तंबूत पिवळा दिवा, वर जांभळी-गुलाबी आकाशगंगा आणि खाली 'सोलो ट्रिप, एकदा तरी कराच'. मग लोक खरंच जातात, लेहहून अख्खा दिवस गाडीत हाडं खिळखिळी करून घेतात, रात्री तंबूबाहेर येऊन वर बघतात आणि म्हणतात, हे तर राखाडी आहे! फसवलं आपल्याला. फसवलं कोणी नाहीये, कॅमेरा वीस-वीस सेकंद शटर उघडं ठेवून प्रकाश साठवत बसतो, आपल्या डोळ्याला ती सोय नाही. पण जी सोय आहे ती आपण वापरतच नाही, माझा राग त्यावर आहे.

जागा म्हणाल तर खरोखर भारी. लडाखच्या पूर्व टोकाचं थंड वाळवंट, उंची साधारण ४५०० मीटर, हवा कोरडी, ढग कमी. म्हणूनच तिथे दोन मीटर आरशाची हिमालयन चंद्रा दुर्बीण आहे, आणि आपल्या मुंबईच्या भाभा अणुसंशोधन केंद्राने उभारलेली गॅमा किरणांची मेस दुर्बीणही. २०२२ साली आजूबाजूचा १०७३ चौरस किलोमीटर भाग डार्क स्काय रिझर्व्ह म्हणून जाहीर झाला, त्यामुळे तिथे दिव्यांवर बंधनं आहेत.

आता डोळ्याकडे येऊ. डोळ्याच्या पडद्यावरच्या पेशी, शाळेत शिकलेले रॉड्स आणि कोन्स, आठवतायत ना? कोन्स साठेक लाख, उजेडात काम करतात, रंग ओळखतात. रॉड्स बारा कोटींच्या आसपास, मंद प्रकाशासाठी. रॉडमध्ये ऱ्होडॉप्सिन नावाचं रसायन ठासून भरलेलं असतं, आणि त्याच्या पोटात अ जीवनसत्त्वापासून बनलेला रेटिनल नावाचा एक वाकडा रेणू. त्यावर प्रकाशाचा एक कण पडला की तो वाकडा रेणू सरळ होतो, उंदराचा सापळा खटकन पडावा तसा, आणि हे होतं सेकंदाच्या लाख कोटीव्या भागापेक्षाही कमी वेळात! पुढे ट्रान्सड्युसिन नावाचं प्रथिन जागं होतं, ते एका एन्झाइमला कामाला लावतं, तो सायक्लिक जीएमपी नावाचा रेणू संपवतो, त्याअभावी पेशीच्या भिंतीतली सोडियमची दारं बंद होतात आणि मेंदूला कळतं की उजेड आला. एवढं डोक्यावरून गेलं तरी चालेल, मुद्दा पुढे आहे. सापळा पडला एका क्षणात, पण परत लावायला वेळ लागतो. सरळ झालेलं रेटिनल रॉडमधून बाहेर पडतं, मागच्या थरात जातं, तिथे एक वेगळा एन्झाइम त्याला पुन्हा वाकडं करतो, मग ते परत येतं. भरपूर उजेडातून अंधारात आल्यावर सगळे सापळे लागायला तीस-चाळीस मिनिटं जातात. बाहुली मोठी होते ती काही सेकंदांत, पण तिचा वाटा फार तर दहा-पंधरा पट, बाकीची हजारो पट वाढ या रसायनाची.

आणि आपण पाचव्या मिनिटाला व्हॉट्सॲप उघडतो! एका नजरेने सगळं शून्यावर येत नाही, पण मेसेज वाचत बसलात तर बरीचशी मेहनत पाण्यात. म्हणून मी म्हणतो एकटे जा. चार जणांत एकाला तरी 'थांब, टॉर्च मारतो' ची हौस असतेच. टॉर्च हवीच तर लाल आणि मंद, कारण ऱ्होडॉप्सिन निळसर हिरवा प्रकाश सगळ्यात जास्त शोषतं आणि गडद लाल जवळपास सोडूनच देतं.

रॉड्समध्ये रंगद्रव्य एकच, मग रंग ओळखणार कशाने? म्हणून आकाशगंगा राखाडी. शिवाय नजरेच्या अगदी मध्यबिंदूवर रॉड्स नसतातच, त्यामुळे फिकट तारा सरळ रोखून बघितला की गायब, जरा बाजूला बघितलं की हजर. रात्री 'कोपऱ्यात काहीतरी उभं होतं, वळून बघितलं तर नाही' या भुतांच्या गोष्टींतल्या बऱ्याच मला इथेच मिटलेल्या दिसतात.

आता खरी गंमत. अंधारात डोळ्याला आराम मिळतो असं आपण समजतो, पण रॉड्ससाठी उलटं आहे. ती सोडियमची दारं अंधारात उघडी असतात, सोडियम सतत आत शिरतं आणि पेशीला ते पंपाने बाहेर फेकत बसावं लागतं, म्हणजे अंधारातच ऑक्सिजन जास्त लागतो. हानलेला हवेचा दाब समुद्रसपाटीच्या साठ टक्क्यांहूनही कमी. म्हणजे आकाश सगळ्यात काळं आणि तिथेच रॉड्सची उपासमार! अमेरिकेत वैमानिकांना दिवसा १०,००० फुटांच्या वर, पण रात्री ५००० फुटांच्या वरच ऑक्सिजन वापरायचा सल्ला देतात तो याचसाठी. तेव्हा लेहला दोन-तीन दिवस काढून मगच वर जा, आणि एकटे म्हणजे गावापासून लांब तंबू ठोकून नव्हे, रात्री डोकं ठणकून उलट्या सुरू झाल्या तर हाकेला कोणीतरी पाहिजे. होमस्टेत राहा, शंभर पावलं बाजूला जाऊन चटई टाका. दिवसा गॉगल लावा, कडक उन्हात दिवस काढला तर त्या रात्री डोळे अंधाराला उशिरा सरावतात.

तारीख ठरवताना घरचे 'अमावस्येला कुठे निघालास' म्हणतीलच, पण चंद्राशिवायचं आकाश हवं तर त्याच आसपास जायला हवं. अमावस्या नाही जमली तर वद्य अष्टमीनंतरचे दिवस बघा, चंद्र मध्यरात्रीनंतर उगवतो आणि आधीची सगळी रात्र तुमची. लडाख नको तर जैसलमेरकडचं वाळवंट आहे, तिथे ऑक्सिजनचा प्रश्न नाही, फक्त डीजेवाल्या कॅम्पांपासून लांबची जागा बघा. आणि तेही लांब वाटत असेल तर आपलं पेंच आहे, २०२४ साली त्याला डार्क स्काय पार्कचा दर्जा मिळालाय, नागपूरहून दोन-तीन तासांत पोचाल.